‘दोष आढळला नाही’ या वाक्याविरुद्ध

मोटरसायकल चालता चालता अचानक बंद पडते आणि काही सेकंदांनी, कधी काही मिनिटांनी, जणू काही झालेच नाही अशा थाटात पुन्हा सुरू होते. अधिकृत सेवा केंद्रात नेली की ती पाहुण्यांसमोरच्या पोरासारखी शहाण्यासारखी वागते. तेथे तिला एक निदानयंत्र जोडले जाते, यंत्राच्या पडद्यावर काहीही उमटत नाही आणि कागदावर एक वाक्य लिहिले जाते : ‘दोष आढळला नाही’. पुढल्या आठवड्यात गाडी पुन्हा बंद पडते. हे सारे ओळखीचे वाटेल असे वाचक पुष्कळ असतील.

प्रस्तुत लेखाचा रोख त्या गाडीवर नसून त्या वाक्यावर आहे. ‘आढळला नाही’ ही शोधणाऱ्याविषयीची माहिती आहे. ‘नाही’ ही गाडीविषयीची माहिती आहे. कागदावर पहिली लिहिली जाते आणि गिऱ्हाईकाच्या हातात किल्ली देताना ती दुसरी म्हणून खपवली जाते. ही शब्दांची चलाखी निरुपद्रवी असती तर तिच्यावर एवढी शाई खर्च करण्याचे कारण नव्हते. पण धावत्या गाडीचे इंजिन बंद पडणे म्हणजे काय, याचा विचार करावा. इंजिन मेल्याबरोबर गाडी गियरमध्येच ओढ घेते, वेग झपाट्याने उतरतो. मुख्य वीजपुरवठाच तुटला असेल तर मागचा दिवा आणि ब्रेकचा दिवाही विझतो. अशा वेळी ब्रेक लागतात, परंतु एबीएस नावाची जी सुरक्षाव्यवस्था आहे ती मात्र उरत नाही. रात्रीचा महामार्ग, मागे मालाने भरलेला ट्रक आणि पुढे एकाएकी मंदावणारा, दिवा नसलेला दुचाकीस्वार. सेवा केंद्राच्या कागदावर हाच प्रसंग ‘दोष आढळला नाही’ या तीन शब्दांत मिटलेला असतो.

या विषयावर बोलू लागले की दोन पक्ष ताबडतोब उभे राहतात, आणि माझ्या मते दोन्ही चूक आहेत.

पहिला पक्ष जुन्या गाड्यांच्या भक्तांचा. यांचे म्हणणे असे की सगळा घोळ या इलेक्ट्रॉनिक्सने केला. राजदूत, येझदी, जुनी बुलेट यांच्या काळी गाडी बंद पडली तर प्लग काढावा, पुसावा, पॉइंटवरून काचकागद फिरवावा, कार्बुरेटरचा कचरा फुंकून काढावा, की गाडी चालू. या स्मरणरंजनात एक गोष्ट सोयीस्करपणे गाळली जाते. ती म्हणजे त्या गाड्याही असेच लपंडाव खेळत. कंडेन्सर तापला की गाडी मिसिंग करायची आणि झाडाखाली अर्धा तास उभी केली की पुन्हा सुरळीत चालायची. पावसाळ्यात मॅग्नेटमध्ये ओल शिरून ठिणगी मरायची. येणाऱ्या-जाणाऱ्या दोषाचा शोध इलेक्ट्रॉनिक्सने लावलेला नाही.

याचा एक प्रसिद्ध दाखला आहे. रॉबर्ट पिर्सिग या अमेरिकन लेखकाचे १९७४ साली प्रसिद्ध झालेले ‘झेन अँड दि आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स’ हे पुस्तक अनेकांनी वाचले असेल. निदान कपाटात ठेवले असेल. त्याच्या आरंभीच्या भागात निवेदकाच्या गाडीचे इंजिन पुन्हा पुन्हा जाम होते. कार्यशाळेतली मंडळी ते उघडतात, भाग बदलतात, जोडतात. दोष मात्र तसाच राहतो. अखेर निवेदकालाच कारण सापडते. तेल वर पोहोचवणाऱ्या यंत्रणेतली एक क्षुल्लक किमतीची पिन तुटलेली असते, आणि त्यामुळे जास्त वेगात तेल वरपर्यंत पोहोचत नसते. जास्त वेगात, हे शब्द ध्यानात घ्यावेत. उभ्या गाडीत तो दोष दिसणारच नव्हता. त्या इंजिनात संगणक नव्हता, संवेदक नव्हते. जे नव्हते ते कार्यशाळेतल्या माणसांचे लक्ष, आणि त्या अभावाबद्दलच लेखकाची तक्रार आहे. अर्धे शतक लोटले तरी तक्रार तीच आहे. एवढ्यावरून पहिला पक्ष निकालात निघावा.

दुसरा पक्ष अधिक प्रबळ, कारण त्याच्या हातात यंत्र आहे. हा पक्ष म्हणतो की गाडी आता स्वतःच आपले दुखणे सांगते. सांगितले नाही, अर्थी दुखणे नाही. स्वाराला काय वाटले याला फारशी किंमत नाही. ‘साहेब, स्कॅन केलं, एकही कोड नाही. तुम्ही पेट्रोल कुठल्या पंपावर भरता?’ हा संवाद आता इतका ठरीव झाला आहे की त्यातला उद्धटपणाही कोणाला जाणवत नाही.

या पक्षाचा दावा तपासायचा तर आधी गाडीत नेमके काय बदलले ते पाहिले पाहिजे. १ एप्रिल २०२० पासून भारतात बीएस-६ ही प्रदूषणमानके लागू झाली. बीएस-५ ही पायरी गाळून आपण थेट चौथ्यावरून सहाव्यावर गेलो. ही मानके पाळायची तर इंधनाचे प्रमाण क्षणोक्षणी मोजून द्यावे लागते, आणि ते कार्बुरेटरच्या आवाक्यातले नाही. म्हणून जवळजवळ सर्व दुचाकींत कार्बुरेटर जाऊन इंधन फवारणारा इंजेक्टर आला आणि त्याला हुकूम देणारा ईसीयू नावाचा छोटा संगणक आला. तो क्रँकची स्थिती, थ्रॉटलची उघडीप, इंजिनाचे तापमान, आत येणाऱ्या हवेचा दाब, धुरातला प्राणवायू यांच्या नोंदी घेतो आणि किती मिलिसेकंद इंधन सोडायचे ते ठरवतो. त्याआधीच, १ एप्रिल २०१९ पासून, १२५ सीसीपेक्षा मोठ्या सर्व नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचे झाले होते. पुढे १ एप्रिल २०२३ पासून बीएस-६चा दुसरा टप्पा आला आणि गाडीने स्वतःवर ठेवायची पाळत आणखी कडक झाली. अनेक गाड्यांची किकही याच काळात नाहीशी झाली. बॅटरी रुसली तर लाथ मारून इंजिन जागे करण्याची सोय गेली.

हे बदल वाईट आहेत असे मी मुळीच म्हणत नाही. शहराची हवा श्वासात घेणाऱ्या कोणालाही तसे म्हणता येणार नाही. माझा मुद्दा निराळा आहे. ज्याला आपण सरसकट ‘इलेक्ट्रॉनिक फॉल्ट’ म्हणतो तो बहुधा इलेक्ट्रॉनिक नसतोच. ईसीयूच्या आतली सिलिकनची चकती सहसा दगा देत नाही. दगा देतात तांबे, पितळ, रबर आणि पाणी. हँडलच्या मानेपाशी वायरिंगची जुडी दर वळणाला वाकते. हजारो वेळा वाकून आतल्या तांब्याच्या तारा तुटतात, वरचे आवरण मात्र शाबूत राहते. कपलरच्या पिनांवर हिरवा गंज चढतो, विशेषतः धुलाई केंद्रात जोरदार फवाऱ्याने सीटखाली पाणी मारून घेतले असेल तर. अर्थिंगची वायर चासीला जिथे बोल्टने आवळलेली असते तिथे रंग किंवा गंज आडवा येतो. बॅटरीचे टर्मिनल अर्ध्या आट्याने सैल असते. बाजूच्या स्टँडजवळचा स्विच चिखलाने भरतो आणि गाडी धावत असतानाच स्टँड खाली आहे असे ईसीयूला कळवतो. मग ईसीयू इमानेइतबारे इंजिन बंद करतो. क्रँकजवळच्या संवेदकाची बारीक तारेची गुंडाळी तापली की आत तुटते आणि निवली की जुळते. रेग्युलेटर-रेक्टिफायर तापला की चार्जिंगचा दाब घसरतो. जो साधारण साडेतेरा ते साडेचौदा व्होल्टच्या दरम्यान असावा, तो बाराकडे उतरू लागतो.

या सगळ्या यादीत जादू कुठेही नाही. मल्टिमीटर, टेस्ट लॅम्प आणि धीर असलेल्या माणसाला हे सारे सापडण्याजोगे आहे. इंजिन चालू ठेवून वायरिंगची जुडी इंचाइंचाने हलवून पाहणे, हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवणे, संशयित संवेदकाला केस वाळवण्याच्या यंत्राने ऊब देणे, भार असताना अर्थिंगच्या दोन टोकांत किती व्होल्ट हरवतात ते मोजणे, या जुन्याच युक्त्या आहेत. त्यांत एकच अट असते : दोष आहे यावर तपासणाऱ्याचा विश्वास हवा.

आणि इथेच निदानयंत्राचे मौन घात करते. ते मौन म्हणजे निर्दोषत्वाचा दाखला नव्हे, याची निदान तीन कारणे आहेत. पहिले, अनेक दोषांची नोंद होण्यासाठी ते ठरावीक काळ टिकावे लागतात. काहींचा पिवळा दिवा तर लागोपाठच्या दोन फेऱ्यांत तोच दोष दिसल्याखेरीज लागत नाही. अर्ध्या सेकंदाचा झटका त्या चाळणीतून निसटतो. दुसरे, कोड लागला तरी तो वाटेचे नाव सांगतो, गुन्हेगाराचे नव्हे. ‘थ्रॉटलच्या संवेदकाचा संकेत अयोग्य’ याचा अर्थ संवेदक खराब, वायर तुटकी किंवा कपलर सैल, यांपैकी काहीही असू शकतो. बदलला मात्र जातो संवेदक, कारण बदलणे सोपे आणि त्याचे बिल होते. तिसरे कारण सर्वांत साधे आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. मुख्य पुरवठाच तुटला तर ईसीयूलाही वीज मिळत नाही. जो त्या क्षणी स्वतःच मेला, तो मृत्यूची नोंद कशाने करणार? म्हणजे सर्वांत धोकादायक दोषाच्या बाबतीतच यंत्र गप्प राहण्याचा संभव सर्वांत अधिक. असे असताना यंत्राच्या गप्प बसण्यावरून स्वाराला खोटे पाडायचे, हा कुठला न्याय?

माझ्या स्वतःच्या गाडीचे उदाहरण येथे देतो. कंपनीचे नाव महत्त्वाचे नाही, कारण ही कथा एका कंपनीची नाही. गाडी प्रथम खंबाटकी घाटाच्या चढावर मेली. पुढच्या तीन महिन्यांत आणखी सहा वेळा. सेवा केंद्रात चार फेऱ्या झाल्या. पहिल्यांदा बॅटरीचे टर्मिनल आवळले गेले, दुसऱ्यांदा प्लग बदलला, तिसऱ्यांदा स्टँडचा स्विच, आणि चौथ्यांदा ते सुप्रसिद्ध वाक्य मिळाले. अखेर सातारा रस्त्यावरच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गाडी नेली. पत्र्याच्या टपरीत बसणारा हा साठीचा गृहस्थ. त्याने गाडीला हात लावण्यापूर्वी मला विचारले, ‘बंद पडते तेव्हा मीटर पण विझतो का नुसतं इंजिन जातं?’ चार फेऱ्यांत हा प्रश्न मला कोणीही विचारला नव्हता. मीटर विझत असेल तर मुख्य पुरवठा. विझत नसेल तर ठिणगी किंवा इंधन. अर्धे क्षेत्र एका प्रश्नात बाद. मी म्हणालो, विझतो. ‘सरळ रस्त्यात जास्त का वळणावर?’ वळणावर, आणि बहुधा डावीकडच्या. मग त्याने टेस्ट लॅम्प लावला, हँडल डावीकडे दाबून धरले आणि मानेजवळची जुडी बोटांनी चाचपत नेली. दिवा लुकलुकला. आवरण चिरल्यावर आतून तांब्याचे तुटके केस बाहेर आले. जोड, त्यावर नळी, जुडीला थोडी ढील, तीनशे रुपये. गाडी त्यानंतर आजतागायत तशी बंद पडलेली नाही.

ही गोष्ट ‘रस्त्यावरचा कारागीर थोर, शोरूमवाले चोर’ अशा भाबड्या तात्पर्यासाठी सांगितलेली नाही. टपरीतही अडाणी हात पुष्कळ असतात. वाटेल तिथे आवरण सोलून जादा दिवे आणि कर्कश हॉर्न जोडणाऱ्यांनी कित्येक चांगली वायरिंग नासवली आहेत. सेवा केंद्रातल्या पोरांनाही दिवसाकाठी ठरावीक गाड्या हातावेगळ्या कराव्या लागतात. तासभर हँडल फिरवत बसण्याची मुभा त्यांना कोणी देत नाही. फरक माणसांच्या गुणवत्तेचा नाही, त्यांच्यापुढे ठेवलेल्या पुराव्याचा आहे. टपरीतल्या माणसाने साक्षीदाराची जबानी घेतली. सेवा केंद्राने ती घेण्याची पद्धतच ठेवलेली नाही.

साहित्याचा वाचक म्हणून मला या प्रकरणात सर्वांत जास्त रस त्या जॉब कार्डात आहे. स्वार येतो तो एक वृत्तान्त घेऊन : पाऊस थांबून दोन दिवस झाले होते, तासभर गाडी चालवली होती, घाट चढत होतो, डावे वळण होते, खड्डा बसला, मीटर विझला, पाच सेकंदांनी परत लागला. या वृत्तान्तात काळ आहे, हवामान आहे, क्रम आहे, कारणाकडे बोट दाखवणारे तपशील आहेत. समोरचा सल्लागार ते सगळे ऐकतो, मान डोलावतो आणि लिहितो, ‘गाडी बंद पडते’. कित्येकदा तेही लिहीत नाही, यादीतल्या ‘इंजिन’ या शब्दापुढे खूण करतो. आत काम करणाऱ्या मेकॅनिकची आणि स्वाराची गाठ पडतच नाही. त्याच्यापर्यंत पोहोचते ती खूण. म्हणजे दोष शोधण्याला उपयोगी पडेल असा एकमेव मजकूर दाराशीच गाळून टाकायचा आणि मग आत दोष सापडला नाही म्हणून सांगायचे. वैद्याने रोग्याचे तोंड बांधावे आणि ‘रोग्याची काही तक्रार नाही’ असे लिहावे, तसा हा प्रकार आहे.

याला भाषेचीही एक बाजू आहे. आपल्या गॅरेजांनी दोषांसाठी मोठी नेमकी बोली घडवली आहे. गाडी ‘मिसिंग करते’, ‘झटका देते’, ‘उचल खात नाही’, ‘करंट मारते’, ‘गरम झाल्यावर बसते’, यांपैकी प्रत्येक शब्दप्रयोग वेगळ्या दुखण्याचा आहे आणि जाणत्या कानाला तो अर्धे निदान पुरवतो. जॉब कार्डाच्या इंग्रजी रकान्यात या सगळ्यांची भर एका ‘स्टार्टिंग प्रॉब्लेम’मध्ये पडते. अनुभवातून आलेली भाषा फेकून दिली की तिच्यासोबत माहितीही जाते.

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला आक्षेप असा की स्वार अतिशयोक्ती करतात आणि त्यांना यंत्रातले काही कळत नाही. कळत नसेल, पण साक्षीदाराला कायदा कळावा लागत नाही, त्याने काय पाहिले एवढे सांगता आले की पुरते. दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा : वायरिंगचे नकाशे आणि कोड सर्वांना खुले केले तर कोणीही ईसीयूशी खेळेल, प्रदूषणाची बंधने मोडेल. ईसीयूतील आज्ञावली बदलण्याची मोकळीक आणि कोणती वायर कुठून कुठे जाते हे जाणण्याची मोकळीक, या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली कुलपात ठेवा. दुसरी ठेवण्याचे कारण नाही. उलट नकाशा नसल्यामुळेच टपरीतला कारागीर अंदाजाने वायर कापतो. गाडी असुरक्षित करते ते अज्ञान.

हे खुलेपण अशक्य आहे असेही नाही. युरोपीय संघाच्या २०१३च्या १६८ क्रमांकाच्या नियमावलीने, जी खास दुचाकी, तीनचाकी आणि तत्सम वाहनांसाठी आहे, स्वतंत्र दुरुस्ती करणाऱ्यांना दुरुस्तीची आणि निदानाची माहिती देणे उत्पादकांवर बंधनकारक केले आहे. वाजवी शुल्क घ्यावे, पण द्यावी. तिकडे गाड्या विकणाऱ्या भारतीय उत्पादकांनाही ते लागू आहे. जे नकाशे तिथल्या कारागिराला देता येतात ते सातारा रस्त्यावरच्या कारागिराला देताना कोणते गुपित फुटते? आपल्याकडे २०१४च्या ऑगस्टमध्ये स्पर्धा आयोगाने चौदा मोटार उत्पादकांना सुटे भाग आणि निदानाची साधने स्वतंत्र गॅरेजांपासून अडवून ठेवल्याबद्दल सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. प्रकरण पुढे अपिलांत गेले, आणि ते होतेही मोटारींपुरते. दुचाकीवाला त्यात नव्हता. डिसेंबर २०२२ मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल उघडले आणि त्यात वाहनांनाही जागा दिली. पाऊल स्वागतार्ह, परंतु त्यामागे सक्तीचा कायदा नव्हता. आणि मालकाला मिळणारी पुस्तिका म्हणजे कार्यशाळेची पुस्तिका नव्हे. पहिलीत हेल्मेट घाला आणि साखळीला तेल द्या, एवढेच असते.

यापेक्षाही गंभीर गोष्ट पुढे आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली ११०-अ हे कलम घालण्यात आले. त्यानुसार एखाद्या प्रकारच्या वाहनात धोकादायक दोष असल्याची तक्रार मालकांपैकी ठरावीक टक्के लोकांनी शासनाकडे केली, तर ती वाहने परत मागवण्याचा आदेश उत्पादकाला देता येतो. म्हणजे तक्रारींची मोजदाद हाच या कलमाचा एक पाया. आता एखाद्या गाडीच्या मानेपाशी वायरिंग आखूड बसवले गेले आहे आणि ठिकठिकाणच्या शेकडो स्वारांच्या गाड्या वळणावर मरत आहेत, असे समजा. प्रत्येकाच्या हातात ‘दोष आढळला नाही’ हा कागद. शासनाकडे जायला पुरावा म्हणून त्याच्याजवळ आहे तो आपल्याविरुद्धचाच. पुष्कळांची तर खात्री पटलेली असते की चूक आपल्या पेट्रोलपंपाचीच. मोजायला तक्रार उरतच नाही. ते तीन शब्द एका गाडीचा दोष झाकत नाहीत, सगळ्या गाड्यांचा एकत्रित दोष अदृश्य करतात.

म्हणून मागण्या अगदी साध्या आहेत. जॉब कार्डावर स्वाराचा वृत्तान्त त्याच्याच भाषेत, त्याच्याच शब्दांत लिहावा आणि मेकॅनिकने तो वाचल्याची सही करावी. धावताना इंजिन बंद पडण्याची तक्रार असेल तर गाडी उभ्याने तपासून परत देऊ नये; नोंदी घेणारे यंत्र जोडून ती त्याच परिस्थितीत चालवून पाहावी. तरीही काही मिळाले नाही तर ‘दोष आढळला नाही’ असे न लिहिता ‘तक्रार कायम, तपासणीत दोष पुन्हा घडवता आला नाही’ असे लिहावे, आणि कोणत्या तपासण्या केल्या त्यांची यादी द्यावी. वायरिंगचे नकाशे आणि कोडांचे अर्थ वाजवी किमतीत कोणालाही, मराठीसह भारतीय भाषांत, उपलब्ध असावेत. यातल्या पहिल्या तीन गोष्टींना कायदा लागत नाही, पैसा फारसा लागत नाही. लागते ती समोरचा माणूस खरे बोलत असेल हे गृहीत धरण्याची तयारी.

तोवर स्वारांना एकच सांगणे. गाडी बंद पडली की कडेला घ्या आणि पहिली गोष्ट म्हणून लिहून काढा : वेळ, वेग, पाऊस, वळण, मीटर विझला की नाही, किती वेळाने परत लागला. सेवा केंद्रात तो कागद जॉब कार्डाला जोडायला लावा आणि पोच घ्या. कागदावर ‘दोष आढळला नाही’ असे लिहिलेले आले तर त्याखाली सही करू नका. सही करायचीच झाली तर वर स्वतःच्या हाताने एवढेच लिहा : मला आढळला आहे.